गीत, प्रस्ताव आणि आख्यायिका

१

लोकप्रिय गीताभोवती कथा जमतात. ते कोणत्या रात्री सुचले, कवीच्या आयुष्यातील कोणत्या घटनेने ते लिहविले, संगीतकाराने चाल कशी बांधली, पहिल्या गायनाच्या वेळी श्रोत्यांची अवस्था काय झाली, यांविषयी काही ना काही सांगितले जाते आणि ते आवडीने ऐकले जाते. अनेकदा गीताच्या ओळी विसरल्या जातात, पण तिची कथा लक्षात राहते. गायनाच्या कार्यक्रमांतील निवेदने, कलावंतांच्या आठवणी आणि वृत्तपत्रांतील स्मरणलेख यांतून ह्या कथा फिरत राहतात, व तेथून त्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतही पुराव्याच्या थाटात येऊन बसतात.

अशा कथांविषयी समीक्षकांच्या दोन टोकाच्या भूमिका संभवतात. एक भूमिका अशी की, गीताचा खरा अर्थ त्याच्या जन्मकथेतच असतो. ती कळली की गीत उलगडले. दुसरी भूमिका याच्या नेमकी उलट आहे. ती म्हणते की, कलाकृती ही स्वयंपूर्ण असते. तिच्या बाहेरचे सर्व काही अप्रस्तुत होय. बा. सी. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाने मराठीत कलाकृतीच्या अंतर्गत संघटनेवर जो भर दिला, त्यामुळे ही दुसरी भूमिका मराठी अभ्यासकांना अपरिचित राहिली नाही. इंग्रजी समीक्षेत विम्झॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली कवीचा हेतू हा कवितेच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले; त्याचाही परिणाम वर्गातील अध्यापनावर झाला.

गीताच्या बाबतीत मात्र या दोन्ही भूमिका अपुऱ्या पडतात. गीत हे पुस्तकाच्या पानावर स्थिर राहणारे काव्य नव्हे. ते गायकाच्या कंठातून, नाटकाच्या प्रसंगातून, आकाशवाणीच्या कार्यक्रमातून, चित्रपटातून श्रोत्यापर्यंत पोहोचते, आणि पोहोचताना आपला मूळचा संदर्भ बहुधा मागे टाकून येते. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता या दृष्टीने लक्षणीय आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे ती महाराष्ट्रभर ऐकली गेली. कवीचा त्याच नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. म्हणजे सुमारे दोन दशके ती कविता असंख्य श्रोत्यांच्या कानी होती, पण कवीच्या संग्रहातील तिच्या शेजारच्या कवितांसह ती वाचण्याची सोय त्यांना नव्हती. मूळ संदर्भ सुटल्यामुळे जी पोकळी निर्माण होते, ती आख्यायिका भरून काढते. म्हणून आख्यायिकेला नुसते हद्दपार करून भागत नाही. तिच्यातील कोणता भाग गीताच्या अर्थाला आवश्यक आहे आणि कोणता केवळ कुतूहलाचा आहे, हे ठरविण्याची कसोटी हवी.

२

ही कसोटी भारतीय काव्यशास्त्रात उपलब्ध आहे, परंतु गीताच्या संदर्भात तिचा पुरेसा उपयोग केला जात नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या तृतीय उल्लासात आर्थी व्यंजनेचा विचार करताना, वाच्यार्थापलीकडचा अर्थ कोणकोणत्या गोष्टींच्या वैशिष्ट्यामुळे प्रतीत होतो, त्यांची गणना केली आहे. बोलणारा कोण, ज्याला उद्देशून बोलले जाते तो कोण, उच्चारातील काकू कोणती, वाक्य आणि वाच्य कसे आहे, जवळपास तिसरे कोणी आहे काय, प्रस्ताव म्हणजे प्रसंग कोणता, देश आणि काल कोणता, या त्या गोष्टी होत. या यादीचे महत्त्व असे की, ती अर्थाला संदर्भापासून तोडत नाही. पण वाटेल तो संदर्भही आत घेत नाही. वाक्याच्या अर्थाला जो संदर्भ लागतो तेवढाच ती मागते.

याला आनंदवर्धनाने केलेल्या एका भेदाची जोड दिली पाहिजे. 'ध्वन्यालोका'त कवीची स्वतःची प्रौढोक्ती आणि कवीने निर्माण केलेल्या वक्त्याची प्रौढोक्ती यांत फरक केलेला आहे. काव्यात 'मी' म्हणणारी व्यक्ती ही कवीच असते असे नव्हे. ती कविनिबद्ध वक्ता असू शकते. हा भेद वरवर पाहता साधा वाटतो. परंतु लोकप्रिय गीतांच्या बहुतेक आख्यायिका हाच भेद पुसून टाकण्यावर उभ्या असतात. गीतात दुःख आहे, तेव्हा कवीला ते दुःख झाले असले पाहिजे. ते केव्हा झाले याचा शोध घेतला की एखादी घटना सापडते, आणि सापडली नाही तर रचली जाते.

या दोन सूत्रांच्या आधारे गीताशी संबद्ध असलेल्या चार गोष्टी निराळ्या करता येतात. पहिली, गीताची संहिता. दुसरी, तिचा प्रस्ताव. म्हणजे गीतातील वक्ता, श्रोता आणि प्रसंग. तिसरी, आख्यायिका, म्हणजे गीताच्या निर्मितीविषयी अथवा कवीच्या चरित्राविषयी सांगितली जाणारी कथा. चौथी, विनियोग, म्हणजे समाज त्या गीताचा ज्या कामी उपयोग करतो तो. विनियोग ही संज्ञा येथे वैदिक कर्मकांडातून घेतलेली आहे व ती उचितही आहे. शनीच्या पूजेत ज्या प्रसिद्ध मंत्राचा विनियोग होतो, तो मूळ सूक्तात जलदेवतांना उद्देशून आहे. त्याच्या आरंभीच्या अक्षरांत शनीच्या नावाचा भास होतो, एवढ्यावरून तो त्या कामी आला. विनियोगाने मंत्र अशुद्ध होत नाही, पण त्यामुळे त्याचा अर्थही बदलत नाही. लोकप्रिय गीतांचेही असेच घडते.

३

ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' हे या विवेचनाला पहिले उदाहरण म्हणून घेता येईल. पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ही मालिका १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झाली आणि पुढील वर्षीच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी पूर्ण झाली. दर आठवड्याला एक, याप्रमाणे एकंदर ५६ गीते प्रसारित झाली. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या बावन्नावर न थांबता पुढे गेली. या मालिकेविषयीची सर्वाधिक सांगितली जाणारी आख्यायिका पहिल्या गीतासंबंधी आहे. प्रसारणाची वेळ जवळ आलेली असताना गीताचा कागद हरवला आणि माडगूळकरांना ते गीत थोड्या अवधीत पुन्हा लिहावे लागले, अशी ती कथा आहे.

ही कथा मनोवेधक आहे, व माडगूळकरांच्या रचनाशक्तीविषयी ती काही सांगतेही. आठवड्याच्या मुदतीत लिहिणाऱ्या कवीची तयारी कशी असावी लागते, शब्द, वृत्त आणि कथा ही तिन्ही त्याच्या अंगवळणी कशी पडलेली असावी लागतात, याची कल्पना तिच्यावरून येते. परंतु त्या गीताच्या अर्थात ती कसलीही भर घालीत नाही. पहिल्या गीताचा अर्थ ज्याच्यावर अवलंबून आहे तो प्रस्ताव निराळाच आहे. रामाच्या सभेत दोन बटू रामकथा गात आहेत. ऐकणारा स्वतःच त्या कथेचा नायक आहे, आणि गाणारे त्याचे पुत्र आहेत. पण हे नाते त्या क्षणी उघड झालेले नाही. वाल्मीकीच्या बालकांडातून आलेली ही योजना माडगूळकरांनी मालिकेच्या आरंभी ठेवली, यामुळे पुढील सर्व गीतांवर एक छाया पडते. जन्म, विवाह, विजय हे सर्व प्रसंग सीतात्यागानंतरच्या कालबिंदूवरून ऐकले जातात. हरवलेल्या कागदाची कथा सांगणारा निवेदक बहुधा ही गोष्ट सांगत नाही. आणि जी सांगावयास हवी ती हीच आहे.

याच मालिकेतील भरताच्या सांत्वनाचे गीत अधिक गंभीर प्रश्न उपस्थित करते. मानवाची पराधीनता हा त्याच्या ध्रुवपदाचा विषय होय. मराठी घरांतून मृत्यूच्या प्रसंगी हे गीत आठवले जाते, शोकसभांत गायिले जाते, आणि त्याचा आशय 'दैवापुढे इलाज नाही' एवढाच समजला जातो. हा त्याचा विनियोग झाला. त्याचा प्रस्ताव काय आहे?

प्रसंग चित्रकूटावरील आहे. वक्ता राम, बोद्धव्य भरत. भरत रामाला अयोध्येस परत नेण्यासाठी आलेला आहे. पित्याच्या मृत्यूची वार्ता त्याने आणली आहे आणि आपल्या आईच्या कृत्याची लाज त्याच्या मनाला जाळीत आहे. राम प्रथम दोषाचा प्रश्न निकालात काढतो. कैकेयीला दोष नाही, पित्यालाही नाही. जे घडले ते पूर्वसंचिताने घडले. त्यानंतर तो नाशवंततेची दृष्टांतमालिका मांडतो. त्यातील सागरात लाटांनी एकत्र आणलेल्या व पुन्हा दूर नेलेल्या ओंडक्यांचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. तो माडगूळकरांनी स्वतंत्रपणे कल्पिलेला नाही. अयोध्याकांडाच्या १०५ व्या सर्गात रामाच्याच तोंडी तो आहे, आणि मनुष्य स्वतःच्या इच्छेचा स्वामी नाही हा विचारही त्याच ठिकाणी आहे. माडगूळकरांनी मूळ सर्गातील युक्तिवादाचा क्रम आणि प्रतिमा यांशी इमान राखले आहे, व ते गेय मराठीत उतरविताना त्यांतील तर्कशास्त्र सैल होऊ दिलेले नाही.

पण गीत तेथे संपत नाही, आणि हीच गोष्ट विनियोगात नाहीशी होते. उत्तरार्धात राम भरताला डोळे पुसावयास सांगतो. परतण्याचा आग्रह धरू नकोस, पित्याचे वचन दोघांनीही पाळावयाचे आहे, मी तापसवेषाने आणि तू मुकुट धारण करून, असे बजावतो. चौदा वर्षे पुरी झाल्यावाचून येणे नाही, हे निश्चयाने सांगतो. आणि राज्याची जबाबदारी भरतावर सोपवितो. म्हणजे पूर्वार्धातील दैववाद हा या भाषणाचा निष्कर्ष नसून त्याचे साधन आहे. पराधीनतेचे तत्त्व राम कशासाठी मांडतो? भरताच्या मनातील अपराधाचे ओझे उतरावे आणि त्याचे हात कामासाठी मोकळे व्हावेत, यासाठी. जे होऊन गेले ते कोणाच्या हाती नव्हते. जे करावयाचे आहे ते मात्र दोघांच्या हाती आहे. एकाने वनात राहावयाचे, दुसऱ्याने राज्य चालवावयाचे. भूतकाळाविषयी नियती आणि भविष्याविषयी कर्तव्य, अशी ही विभागणी आहे. ज्या गीतावर निष्क्रियतेचा आरोप कधी कधी केला जातो, ते वस्तुतः आज्ञार्थी क्रियापदांकडे वाटचाल करणारे गीत आहे.

यावरून शोकप्रसंगी हे गीत गाणाऱ्यांना चूक ठरवावे काय? तसे मुळीच नाही. रामही तेथे पितृशोकातच बोलत आहे. श्रोत्यांनी पूर्वार्धाचा आधार घेणे स्वाभाविक आहे व मानवी आहे. परंतु अभ्यासकाने अर्ध्या गीतावरून संपूर्ण गीताचे तत्त्वज्ञान ठरवू नये. विनियोगाला सवलत आहे. समीक्षेला ती नाही.

४

नाट्यगीताच्या बाबतीत प्रस्तावाची उपेक्षा आणखी सहज घडते, कारण नाटकाचा प्रयोग संपला तरी पद मैफलीत जिवंत राहते. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या नाटकातील वृद्ध वराच्या थट्टेचे पद हे याचे ठळक उदाहरण होय. वय पाऊणशे झाले म्हणून काय झाले, असा आव आणून दात, कान, डोळे, मान यांच्या अवस्थेचे गौरवाच्या सुरात वर्णन करणारे हे पद आजही उतारवयातील कोणाची मौज करताना हटकून आठवले जाते. त्याची चाल उत्साही आहे, शब्दयोजना खट्याळ आहे, आणि ऐकणारा हसतो.

अलंकाराच्या भाषेत ही व्याजस्तुती होय. परंतु अलंकाराचे नाव सांगितल्याने अर्थ पुरता हाती येत नाही. वक्ता व बोद्धव्य सांगावे लागतात. हे शब्द शारदेच्या मैत्रिणींच्या तोंडचे आहेत. शारदेचा पिता कांचनभट द्रव्यलोभाने तिला भुजंगनाथ या धनिक वृद्धाला देण्यास तयार झालेला आहे आणि भद्रेश्वर दीक्षित त्या व्यवहारात मध्यस्थ आहे. थट्टेचा विषय तो म्हातारा असला, तरी तिचा भार पडतो तो शारदेवर. कारण वर्णिलेले ते जराजर्जर शरीर तिच्या भावी पतीचे आहे. मुलींच्या हाती या अन्यायाविरुद्ध दुसरे कोणतेही साधन नाही. त्यांना बापाशी वाद घालता येत नाही, सभेत बोलता येत नाही. त्यांना फक्त हसता येते. म्हणून त्या पदातील हास्य हे असहायतेच्या काठावरचे हास्य आहे. प्रस्ताव वजा केला की उरते ती म्हाताऱ्यांची सर्वसाधारण चेष्टा. देवलांचा रोख म्हातारपणावर नव्हताच, तो मुलीच्या विक्रीवर होता.

या नाटकाचे आणखी एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. शारदेचा विवाह थांबतो तो वराच्या वयामुळे नव्हे, तर वर आणि वधू सगोत्र निघाल्यामुळे. वयाची विषमता समाजाला थांबवू शकत नाही. गोत्राची एकता थांबविते. देवलांनी दाखविलेली ही विसंगती ध्यानात घेतली म्हणजे, मैत्रिणींच्या पदातील देहवर्णन कोणत्याही शास्त्रार्थापेक्षा अधिक बळकट युक्तिवाद असूनही नाटकातील जगात तो निष्प्रभ का ठरतो, हे कळते.

'शारदे'भोवतीही एक आख्यायिका सहज आकार घेते. १९२९ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. तो १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि 'शारदा कायदा' या नावाने ओळखला जाऊ लागला. मराठी मनाला त्या नावात देवलांच्या नायिकेचे नाव ऐकू यावे, यात आश्चर्य नाही. वस्तुस्थिती अशी की, हे नाव विधेयक मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलेले आहे. नामसादृश्य हा निव्वळ योगायोग होय.

परंतु हा योगायोग उद्बोधक आहे. आख्यायिका कशी जन्मते याचा तो नमुना आहे. दोन वस्तूंमध्ये आशयाचा खरा संबंध असतो. दोन्ही बालविवाहाविरुद्ध आहेत. त्यांत नावाचे साम्य येऊन मिळते, आणि लोकस्मृती त्या साम्याला कार्यकारणभावाचे रूप देते. अशी आख्यायिका इतिहास म्हणून खोटी असते, पण समाजाने त्या नाटकाला किती मोठे स्थान दिले याची ती साक्ष असते. तिचा पुरावा म्हणून उपयोग करावयाचा तर तो स्वीकृतीच्या इतिहासात करावा, निर्मितीच्या इतिहासात नव्हे.

५

आतापर्यंतच्या उदाहरणांत वक्ता कविनिबद्ध होता. वि. दा. सावरकर यांच्या 'सागरास' उद्देशून लिहिलेल्या कवितेत वक्ता आणि कवी एकमेकांच्या अगदी निकट आहेत, आणि म्हणून येथे चरित्राचा अधिकार अधिक मोठा आहे हे मान्य केले पाहिजे. ही कविता १९०९ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथील समुद्रकिनाऱ्यावर रचली गेली. त्याच वर्षी ज्येष्ठ बंधू बाबाराव यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि ऑगस्टमध्ये लंडनला मदनलाल धिंग्रा यांना फाशी देण्यात आले होते. ही माहिती कवितेतील देश आणि काल निश्चित करते. इंग्लंडचा किनारा, स्वदेशाकडे परतण्याची वाट बंद होत चाललेली, आणि समोर सागर, हा प्रस्ताव कवितेला आवश्यक आहे, आणि त्याच्या खुणा संहितेतही आहेत.

पण लोकस्मृती येथेच थांबत नाही. १९१० सालच्या मार्च महिन्यात लंडनमध्ये झालेली अटक, त्याच वर्षी ८ जुलै रोजी मार्सेय बंदरात बोटीतून घेतलेली उडी, आणि १९११ पासूनचा अंदमानातील कारावास या सर्व घटना या कवितेच्या निवेदनात एकत्र गुंफल्या जातात. पुष्कळ श्रोते ती ऐकताना मार्सेयच्या समुद्राचे चित्र डोळ्यांसमोर आणतात. कालक्रमाने हे अशक्य आहे. १९०९ च्या कवितेला १९१० चा सागर ठाऊक नाही. जे पुढे घडले त्याचे दुःख मागे नेऊन कवितेत ओतल्यामुळे तिची करुणता वाढते खरी, पण तिची रचना झाकली जाते.

ती रचना विलापाची नसून फिर्यादीची आहे. आरंभी सागराजवळ मातृभूमीकडे परत नेण्याची विनवणी आहे. लगेच पूर्ववृत्तांत येतो: सागरानेच आईच्या मनातील शंका दूर केली होती, लवकर परत आणण्याचे वचन दिले होते, आणि त्या वचनावर विसंबून प्रवास घडला. त्यानंतर वचनभंगाचा आरोप, पाशात सापडलेल्या हरिणाचे व पिंजऱ्यातील पोपटाचे दृष्टांत, मिळविलेली विद्या मातृभूमीच्या उपयोगी पडणार नसेल तर तिचे मोल काय हा प्रश्न, आणि परदेशीच्या वैभवापेक्षा स्वदेशातील साधेपणाची निवड, अशी पायरीपायरीने बाजू मांडली जाते. शेवटच्या भागात सूर पालटतो. फेसाच्या मिषाने हसणाऱ्या सागराला विचारले जाते की, इंग्लंडच्या भूमीची भीती वाटते म्हणून दुबळी समजून माझ्या आईला फसवितोस काय? आणि मग त्याला अगस्तीची आठवण दिली जाते. ज्याने सागर एका आचमनात प्राशन केला, त्या ऋषीचे नाव घेण्यात धमकी आहे. विनवणीपासून आरोपाकडे आणि आरोपापासून इशाऱ्याकडे, असा या कवितेचा प्रवास आहे.

हे लक्षात घेतले म्हणजे कवितेचा राजकीय आशय तिच्या बाहेर शोधण्याची गरज उरत नाही. ज्या सागरावर त्या काळी ब्रिटिश आरमाराची सत्ता होती, त्या सागरालाच पुराणकथेच्या न्यायासनासमोर उभे केले आहे. व्याकुळतेची कविता म्हणून ती ऐकणारा तिचा अर्धाच भाग ऐकतो. येथेही पुन्हा तोच अनुभव येतो: आख्यायिका पूर्वार्धावर रेंगाळते आणि उत्तरार्ध दृष्टीआड होतो.

६

शेवटचे उदाहरण उलट प्रकारचे आहे. आतापर्यंत आख्यायिका संहितेवर बाहेरून येऊन बसत होती. येथे संहितेत स्पष्ट असलेली गोष्टच श्रोत्यांच्या कल्पित कथेने झाकली आहे. ग्रेस यांची 'ती गेली तेव्हा' ही कविता हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात आणि स्वरात 'निवडुंग' (१९८९) या चित्रपटातून लोकप्रिय झाली. ध्रुवपदात एक स्त्री निघून गेल्याचे सांगितले आहे आणि पाऊस पडतो आहे. चित्रपटगीतांच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला एवढे पुरेसे होते. 'ती' म्हणजे प्रेयसी, पाऊस म्हणजे विरह, असे समीकरण तो जुळवितो आणि पुढील ओळी त्याच समीकरणाच्या धुक्यातून ऐकतो.

परंतु गीतात 'आई' हा शब्द उच्चारलेला आहे. आपले बालपण संपल्याची जाणीवही त्यात शब्दबद्ध आहे. खिडकीवरचा एकटा कंदील, अंगण, पाचोळा ही सर्व घराची चिन्हे आहेत, संकेतस्थळाची नव्हेत. म्हणजे येथे कवीच्या चरित्राकडे जाण्याची आवश्यकता नाही. ग्रेस यांच्या आयुष्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या कोणत्याही कथेवाचून, केवळ शब्द लक्षपूर्वक ऐकल्याने, वक्ता एक मूल आहे अथवा ते मूल आठवणारा प्रौढ पुरुष आहे, हे कळते. आणि ते कळताच पावसाचा अर्थ बदलतो. विरहगीतात पाऊस हा भावनेचा सहकारी असतो. येथे जग आपल्या क्रमाने चालू आहे. ढगांत अडकलेले किरण सोडविणारा सूर्य आपल्या कामात आहे आणि वारा आपल्या. मुलाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना घडत असताना सृष्टीने तिची दखल घेतलेली नाही, ही या कवितेतील खरी व्यथा होय. प्रेयसीची कथा तिच्यावर लादली की ही व्यथा नाहीशी होऊन एक सुंदर पावसाळी विषाद तेवढा उरतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, गीत एकदा लोकांचे झाले म्हणजे त्याचा अर्थही लोकांचाच. ओवीला कोठे कर्ता असतो? आक्षेपात तथ्यांश आहे. जात्यावरची ओवी गाणारी स्त्री ती आपल्या भावाच्या, आपल्या लेकीच्या नावाने गाते, आणि ते यथायोग्यच असते. कारण ओवीची रचनाच नाव बदलून घेण्यासाठी मोकळी ठेवलेली असते. तिचा वक्ता ही एक रिकामी जागा आहे व गाणारीने ती भरावयाची आहे. परंतु ज्या गीतात कवीने ती जागा भरलेली आहे, तेथे ती पुन्हा रिकामी समजणे म्हणजे लोकाधिकार बजावणे नव्हे. तो दुर्लक्षाचा परिणाम असतो. प्रेयसीच्या वियोगाने व्याकुळ झालेल्या श्रोत्याने हे गीत स्वतःसाठी गुणगुणावे. तो विनियोग आहे. मात्र आई गमावलेले मूल त्या गीतात बोलत आहे, हे सांगणारा कोणीतरी असला पाहिजे. ते काम अभ्यासकाचे आहे.

७

वरील चार उदाहरणांवरून निघणारा निष्कर्ष मर्यादित परंतु उपयुक्त आहे. गीतामागील कथा ही एकजिनसी वस्तू नाही. तिच्यातील जो भाग वक्ता, बोद्धव्य, प्रसंग, देश आणि काल यांपैकी एखादी गोष्ट पुरवितो, आणि ज्याच्या खुणा संहितेत सापडतात, तो अर्थाचा भाग होय. चित्रकूट, कांचनभटाचे घर आणि ब्रायटनचा किनारा हे या वर्गात येतात. जो भाग निर्मितीची हकीकत सांगतो, तो कवीच्या कार्यपद्धतीच्या अभ्यासात जावा. हरवलेला कागद तेथे शोभतो. जो भाग पुढील काळातील घटना मागे नेतो किंवा नामसादृश्यावर उभा असतो, तो स्वीकृतीच्या इतिहासात जावा. मार्सेय आणि शारदा कायदा यांचे स्थान तेथे आहे. आणि जेथे संहिता स्वतःच बोलते, तेथे कथेने गप्प राहावे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, गीत शिकविताना कथा शेवटी सांगावी. प्रथम संपूर्ण गीत, ध्रुवपदापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, चालीवाचून वाचावे. मग कोण, कोणाला, केव्हा बोलत आहे हे संहितेतून काढावे. त्यानंतर उरलेल्या प्रश्नांपुरताच इतिहास बोलवावा. चाल ही मराठी श्रोत्याला लाभलेली मोठी देणगी आहे, पण ती ध्रुवपदाकडे परत परत नेते, आणि अनेक गीतांचे मर्म शेवटच्या कडव्यात असते. भरताला अयोध्येकडे परत पाठविणारा राम, अगस्तीचे नाव घेणारा कवी, आणि खिडकीतल्या कंदिलाकडे पाहणारे मूल ही तिघेही ध्रुवपदाच्या पुढे भेटतात. तेथपर्यंत जाण्याची सवय वर्गात लागली, तर श्रोत्याचा आनंद कमी होण्याचे काही कारण नाही.